दार बंद होतं, तरी

"क्षमा जर फुकट मिळते, तर चालायचं कशाला?" निघण्याआधी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. प्रश्न चोख होता. आम्ही प्रोटेस्टंट. यात्रा, नवस, संतांच्या अस्थींचं दर्शन या गोष्टी आमच्याकडे बसत नाहीत. १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं मांडलेले ९५ मुद्दे पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं विकण्याविरुद्धच होते. पुढे स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेचीही त्यानं टर उडवली: तिथे येशूचा शिष्य, प्रेषित याकोब पुरलाय की मेलेलं कुत्रं, कोणाला ठाऊक! आणि त्याच सांतियागोला ताई आणि मी पाठीवर सॅक टाकून निघालो होतो. ताईला जायचं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. मोठ्या बहिणीला असं विचारायची सोय नसते.

फ्रान्सच्या सीमेवरच्या सँ-जाँ-पिये-द-पोर गावापासून पिरेनीज ओलांडून स्पेनच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत ही वाट साधारण ७८० किलोमीटरची. दगडांवर, भिंतींवर, विजेच्या खांबांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. ही खूण पसरवली ओ सेब्रेइरो गावच्या एका पाद्र्यानं, एलियास वालिन्या त्याचं नाव, १९८० च्या दशकात. त्यामुळे नकाशा फारसा लागत नाही. पाय मात्र लागतात, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या गप्पा फोडांपाशीच संपतात.

या वाटेचा इतिहास चालता चालता कानावर पडत राहतो, आणि तो सगळाच भक्तीचा नाही. मध्ययुगात फ्लँडर्समधल्या शहरांची न्यायालयं गुन्हेगारांना शिक्षा म्हणून इथे चालत धाडायची. पोचल्याचा लेखी दाखला आणला तरच सुटका. म्हणजे एकाच रस्त्यावर देवाच्या ओढीनं निघालेला आणि शिक्षा भोगायला धाडलेला शेजारी शेजारी चालत होते. वरून दोघांत काही फरक दिसत नसणार. मला वाटतं, आपल्या प्रत्येकाच्या आत ही दोघंही असतात. रविवारी उपासनेला बसलेला माणूस बापाच्या घरी आलाय की हजेरी लावायला आलाय, हे त्याचं त्यालाही दर वेळी सांगता येईल असं नाही.

बुर्गोस सोडलं की मेसेता लागते. सपाट, उघडं पठार, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर गहू. चालायचं सरळ पश्चिमेकडे. सकाळी ऊन पाठीवर असतं आणि आपली लांबलचक सावली आपल्या पुढे चालते. इथे मला बायबलमधलं १०३ वं स्तोत्र आठवायला लागलं. पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर, तितके त्यानं आपले अपराध आपल्यापासून दूर केले. लहानपणापासून पाठ असलेली ओळ, पण तिच्यातलं अंतर कधी मोजून बघावंसं वाटलं नव्हतं. उत्तरेकडे चालत राहिलात तर ध्रुव येतो, आणि ध्रुव ओलांडला की तुम्ही दक्षिणेकडे चालायला लागता. पश्चिमेकडे कितीही चाला, पूर्व लागत नाही. स्तोत्रकर्त्याच्या मनात भूगोल नसणार, हे मलाही कळतं. तरी दिवसभर पश्चिमेकडे तोंड करून चालणाऱ्या माणसाला हा हिशोब फार बरा वाटतो.

ताईला मात्र हिशोबाची वेगळीच गोष्ट सुचली. ती मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातल्या त्या चाकराबद्दल बोलायला लागली, ज्याला राजानं दहा हजार तालांताचं कर्ज माफ केलं आणि ज्यानं बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एका तालांतात साधारण सहा हजार दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे राजानं सोडलेली रक्कम सहा कोटी दिवसांच्या मजुरीची होती. उपदेशात आपण हा आकडा ऐकतो आणि शंभर दिनार क्षुल्लक म्हणून मोकळे होतो.

"क्षुल्लक कसे?" ताई म्हणाली. "शंभर दिवसांची मजुरी आहे ती. गरिबाचे तीन महिने. येशूनं मुद्दामच एक-दोन दिनार म्हटलं नाही."

तिचं म्हणणं खरं होतं. आपल्याला दुखावणाऱ्यानं खरोखर काहीतरी नेलेलं असतं. ते काहीच नव्हतं असं म्हणणं ही क्षमा नव्हे, ती थाप झाली. ती कोणाबद्दल बोलत होती, हेही मला कळलं. आमच्या घरात मधल्या भावाचं नाव बरीच वर्षं निघत नाही. त्यानं काय केलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. शंभर दिनारांपेक्षा कमी नव्हतं, एवढं पुरे.

लेओन मागे पडलं, आस्तोर्गा मागे पडलं, आणि फोन्सेबादोनच्या पुढे साधारण १५०० मीटर उंचीवर क्रूस दे फेर्रो आला. पाचेक मीटरचा लाकडी खांब, टोकावर छोटासा लोखंडी क्रूस, आणि बुंध्याशी दगडांची टेकडी. यात्रेकरू आपापल्या घरून एक दगड आणतात आणि आपलं ओझं म्हणून इथे ठेवतात. घरून दगड वाहून आणणं ताईला बिलकूल मंजूर नव्हतं. "दहा मिनिटांपूर्वी रस्त्यात उचललेलाही दगडच असतो," म्हणाली.

त्या ढिगात नुसते दगड नाहीत. फोटो आहेत, फिती आहेत. माझ्या पायाशी निळ्या नायलॉनच्या दोरीला बांधलेली एक किल्ली पडली होती, कुठल्याशा साध्या कुलुपाची, दात झिजलेली. बाजूला एक धिप्पाड माणूस हुंदके देत उभा होता आणि त्याच्या मागे तिघं जण फोटोसाठी त्याच्या हलण्याची वाट बघत होते.

मला ही प्रथा आवडली, आणि तिच्याबद्दल शंकाही आली. ओझं टाकलं की काम झालं, असं वाटायला लावणारी आहे ती. येशूला पैशासाठी धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कार्योत, त्यानंही ओझं टाकलं होतं. मत्तय सांगतो, त्याला पस्तावा झाला, निर्दोष रक्त धरून दिलं हे त्यानं उघड कबूल केलं, ती तीस नाणी परत आणली आणि मंदिरात फेकून दिली. पश्चात्तापाच्या यादीतलं काय राहिलं? कबुली झाली, भरपाई झाली. पण तो याजकांकडे गेला आणि त्यांनी "आम्हांला काय त्याचे?" म्हणून हात झटकले. ज्याचा अपराध केला होता, त्याच्याकडे तो गेलाच नाही.

दुसरा शिष्य पेत्र, त्यानं काही परत केलं नाही. त्याच्याजवळ परत करण्यासारखं काही नव्हतंच. कोळशाच्या विस्तवाजवळ उभं राहून त्यानं तीनदा येशूची ओळख नाकारली होती. पुढे एका पहाटे तो सोबत्यांबरोबर होडीत होता, आणि काठावर प्रभू आहे असं कानावर पडताच पेत्रानं कमरेला वस्त्र गुंडाळून पाण्यात उडी टाकली. ज्याला तोंड दाखवायची लाज वाटायला हवी, तो सगळ्यांच्या आधी पोहत निघाला! काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव होता. तिथे "तू असं का केलंस?" हा प्रश्न आलाच नाही. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" एवढंच तीन वेळा आलं. देवावर प्रेम करणं म्हणजे नेमकं काय, असं मला कोणी विचारलं तर मी त्या उडीकडे बोट दाखवीन. अपराध अंगावर असताना त्याच्यापासून दूर न जाता त्याच्याच दिशेनं जाणं.

क्रूस दे फेर्रोनंतरची उतरण वाईट आहे. मोलिनासेकापर्यंत सुमारे ९०० मीटर खाली, सुटे दगड, पाटीसारखे धारदार खडक. ताईचा गुडघा निम्म्या वाटेतच बोलायला लागला. पोनफेर्रादात तिनं तो बांधून घेतला, आणि बियाफ्रांका देल बिएर्सो या गावापर्यंत ती काठ्यांवर भार टाकत कशीबशी आली. पुढची वाट ओ सेब्रेइरोच्या चढाची. सांतियागो अजून जवळजवळ १९० किलोमीटर. तिचं चालणं तिथेच संपलं.

आणि गाव सुरू होतं तिथेच बाराव्या शतकातलं याकोबाचं साधंसं दगडी चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला माफीचं दार म्हणतात. जो यात्रेकरू आजारी पडला, जायबंदी झाला, ज्याला पुढचा डोंगर चढणं शक्यच नाही, तो या दाराशी पोचला तरी त्याला सांतियागोला पोचल्याइतकीच कृपा, असा जुना नियम. दार उघडतं ते फक्त पवित्र वर्षात, म्हणजे २५ जुलैला, याकोबाच्या सणाला, रविवार येतो त्या वर्षी. २०२१ हे तसं वर्ष होतं, पुढचं २०२७. आम्ही गेलो तेव्हा अर्थातच बंद.

ताई दारासमोर दगडावर बसली, पाय लांब केला. खांबांच्या माथ्यावर बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मागी, कोरलेत, ते बघत राहिली.

"म्हणजे पोचला त्याला आणि पडला त्याला सारखंच?"

"सारखंच."

"मग पुढे चालत गेलेल्यांनी तक्रार नाही केली?"

"केली असेल. उधळ्या पुत्राच्या मोठ्या भावानं केलीच होती की."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरातली मोठी मीच आहे रे."

मी त्यावर काय बोलणार? लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या त्या गोष्टीत धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो आणि मोठा रागावून बाहेर राहतो. तो मोठा मुलगा खोटं बोलत नाही. इतकी वर्षं राबलो, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, हे त्याचं म्हणणं बापही खोडून काढत नाही. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो आणि विनवतो. दूर असलेल्या धाकट्याकडे धावत गेलेला बाप सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण सणाच्या जेवणातून उठून अंगणात मोठ्याची समजूत काढणारा बाप आपण विसरतो. त्यातही मोठा आत गेला की नाही, हे लूक लिहीतच नाही.

आमच्या प्रोटेस्टंट मनाला त्या दाराचा तर्क पटायला नको. चर्चनं ठरवायचं कोणाला किती कृपा, हे कसं? तरी मला ते दार आवडलं. चालण्यानं क्षमा मिळते असं ज्या काळात लाखो लोक मानत होते, त्याच काळात, त्याच वाटेवर कोणीतरी हे कबूल केलं होतं की न चालू शकणाऱ्यालाही ती तेवढीच मिळते. एकदा हे मान्य केलं की चालण्याची किंमत म्हणून काही उरत नाही. उरतं ते नुसतं चालणं, ज्याला आवडेल त्यानं करावं असं. पहिल्यानं त्यानं आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण करतो, असं योहान लिहितो. मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्यांना द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं. फुकट मिळालंय, म्हणूनच चालवतं.

दुसऱ्या दिवशी ताई बसनं सांतियागोला गेली आणि मी ओ सेब्रेइरो चढलो. वर धुकं, छोटं दगडी चर्च. तिथली दंतकथा अशी: हिमवादळात एक शेतकरी डोंगर चढून उपासनेला आला, आणि वेदीवरचा पाद्री मनात हसला, एवढ्याशा भाकरी-द्राक्षारसासाठी हा खुळा एवढा चढून आला! त्याच क्षणी त्याच्या हातातल्या भाकरीचं मांस झालं. चमत्काराचं मला माहीत नाही. त्या दोघांनाही त्याच चर्चमध्ये पुरलंय असं सांगतात, म्हणजे प्रेमानं आलेला आणि मनात हसलेला, दोघंही. याचं मात्र मला फार बरं वाटलं.

गॅलिसियातल्या पावसाबद्दल लिहीत बसत नाही. पडतो, आणि पडत राहतो.

सांतियागोच्या कॅथिड्रलमध्ये मुख्य वेदीच्या वर रत्नजडित याकोब बसवलाय. लोक मागच्या जिन्यानं चढून त्याला मिठी मारतात. ताई माझ्याआधी दोनदा बघून आली होती, त्यामुळे माहितगारासारखी सांगत होती. मी त्या मूर्तीकडे बघताना मला शुभवर्तमानातला याकोब दिसत होता. शोमरोनी गावानं उतरू दिलं नाही म्हणून आकाशातून आग पाडू का, असं विचारणारा. प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताची जागा भावासकट मागणारा. गेथशेमानेत झोपलेला, आणि मग बाकीच्यांबरोबर पळालेला. पेत्र पाण्यात उडी टाकतो त्या पहाटे होडीत जब्दीचे मुलगेही होते, म्हणजे हाही होता. पुढे हेरोद अग्रिप्पानं त्याला तलवारीनं मारलं, पण तेव्हा तो पळाला नाही. इतक्या शतकांची माणसं ज्याच्या कबरीपाशी क्षमा मागायला आली, तो स्वतःच क्षमा झालेला माणूस.

बाहेर पडलो. पायी आलेल्यांना प्रमाणपत्र मिळतं, शेवटचे १०० किलोमीटर तरी चाललेले असावे लागतात. ताईला ते मिळणार नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. रांग लांब होती. ती बाजूला जाऊन फोन करत होती. परत आली तेव्हा मी भुवया उंचावल्या.

तिनं मधल्याचं नाव घेतलं. "रिंग वाजत्येय, उचलत नाही. अनोळखी नंबर वाटला असेल. उद्या परत करते. तू आधी पुढे सरक, मधे किती जागा सोडल्येस बघ."