मेंदू जपायचा तर आधी बीपी आणि कान

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये हल्ली विसरभोळेपणाचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही. कुणाच्या ओठांवर येऊन नाव अडतं, कुणाला गॅस बंद केला की नाही हे अर्ध्या वाटेत आठवत नाही. मग कुणीतरी एखाद्या गोळीचं नाव सांगतं आणि बाकीच्या ते मोबाइलमध्ये लिहून घेतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, नाही तर जिंको नावाच्या परदेशी झाडाच्या पानांचा अर्क. मी ६६ वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त झाले, सोलापुरातच राहते. मलाही डिमेन्शियाची, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती हरवत नेणाऱ्या आजाराची, भीती वाटते, कारण सासूबाईंची शेवटची वर्षं मी फार जवळून पाहिली आहेत.

त्यांचं विसरणं हळूहळू वाढलं नाही. दोन-तीन महिने बरं चालायचं आणि मग एखाद्या आठवड्यात एकदम काहीतरी हातातून निसटायचं. आधी दूधवाल्याचा हिशेब गेला. मग देवाची नावं गेली. एकदा भाकरीचं पीठ मळून, गोळा हातात धरून त्या परातीकडे नुसत्या बघत बसल्या होत्या. पुढे काय करायचं तेच सुचेना. ज्या हातांनी चार जावांच्या घराला भाकरी घातली, ते हात. एमआरआय केला तेव्हा मेंदूत जागोजागी लहान लहान झटके येऊन गेल्याच्या खुणा दिसल्या. डॉक्टर म्हणाले, "हे बीपीचं काम आहे, आणि हे कालपरवाचं नाही." सासूबाईंना बीपी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गोळी त्या डोकं दुखलं तरच घ्यायच्या. बीपी वाढलं तरी बहुतेकदा डोकं दुखत नाही, काहीच होत नाही, हे त्यांना कुणी पटवू शकलं नाही.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आले. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणांची यादी दिली आणि म्हटलं, की या सगळ्यांवर उपाय झाला तर जगभरातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबवता येईल. कारणं ओळखीचीच आहेत: बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं, नैराश्य, डोक्याला मार, प्रदूषित हवा, कमी शिक्षण, एकटेपणा, आणि ऐकू व दिसायला कमी येणं. वाढतं वय आणि आईवडिलांकडून आलेलं आपल्या हातात नाही. पण उरलेलं बरंच आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं, याची मला तळमळ आहे.

म्हणून पहिलं बीपी. घरी यंत्र आहे, पण मोजण्याची पद्धत निम्म्या घरांत चुकते. जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत, बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला आकडा काही कामाचा नसतो. अर्धा तास आधी चहा नको. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसायचं. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. आमची वही फ्रिजवर असते आणि डॉक्टरांकडे जाताना ती सोबत जाते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१९) वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केलेल्या लोकांमध्ये स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण कमी दिसली. डिमेन्शियाच कमी झाला असं ठामपणे म्हणण्याइतका फरक मात्र पडला नाही. आणि हा आकडा आपल्या मनाने गाठायचा नसतो. वयस्कर माणसाचं बीपी फार उतरलं तर चक्कर येऊन पडायची भीती असते. किती ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगायचं, गोळी रोज घ्यायची ते आपण.

ब्राह्मीबद्दल मला राग नाही. आईच्या हातचं ब्राह्मी-माक्याचं तेल डोक्यावर घातलं की आजही छान झोप लागते, आणि झोप मेंदूला हवीच. काही लहान अभ्यासांत ब्राह्मीच्या अर्काने आठवण थोडी सुधारल्याचं दिसलंही आहे. पण त्याने डिमेन्शिया टळतो याचा पुरावा नाही. जिंकोची तर नीट परीक्षा झाली आहे: ७५ पुढच्या तीन हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना जिंकोची आणि निम्म्यांना औषध नसलेली खोटी गोळी साधारण सहा वर्षं दिवसातून दोनदा दिली, आणि २००८ मध्ये निष्कर्ष आला की दोन्ही गटांत काही फरक नाही. हे ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अहो, पण तोटा तर नाही ना?" जिंकोने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे हृदयाच्या पेशंटला तोटाही होऊ शकतो. मैत्रिणीच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. तिने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला.

चालण्याचा पुरावा त्यापेक्षा खूप बरा आहे. २०११ मधला एक अभ्यास मला तोंडपाठ झाला आहे: १२० वृद्धांपैकी निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं झपझप चालले, निम्म्यांनी हातपाय ताणण्याचे हलके व्यायाम केले. आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, चालणाऱ्यांमध्ये सुमारे २ टक्के वाढला आणि दुसऱ्या गटात थोडा आकसला. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने आम्ही चालतो तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगत असते. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवायचा.

खाण्याबद्दल थोडक्यात. आपली ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकी, मूठभर शेंगदाणे हे चांगलंच जेवण आहे. महागडे अक्रोड परवडले तर खा, नाही तर खंत करू नका. मीठ मात्र बघा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, हे प्रमाण पापड, लोणचं आणि सांडग्यांनीच ओलांडलं जातं. दुसरं, बी-१२. शाकाहारी माणसात ते कमी असणं आपल्याकडे सर्रास आहे, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं. शेजारच्या काकूंना घरच्यांनी डिमेन्शियाच समजायला सुरुवात केली होती. पायांना मुंग्या येतात हे त्या कुणाला सांगतच नव्हत्या. तपासणीत बी-१२ अगदी तळाला निघालं, इंजेक्शनं सुरू झाली, आणि काही महिन्यांत त्या पुन्हा भिशीचा हिशेब सांभाळू लागल्या. थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसरायला होतं. म्हणून "वय झालं" असं म्हणून मोकळं होण्याआधी रक्त तपासा.

सोलापूरकरांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. हैदराबादला न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२०१३). एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही तो फरक होता. सगळ्या अभ्यासांत इतका फरक सापडलेला नाही. तरी आमच्या गल्लीत घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि बँकेत मराठी बोलणाऱ्या आज्ज्या बघितल्या की मला तो अभ्यास आठवतो. माझं माहेर अक्कलकोटचं, कन्नड बोलायला येतं, वाचता येत नव्हतं. आता नातीच्या पाटीवर लिपी गिरवते आहे. 'ळ' अजून चुकतो.

आता कान. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे लोक सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात.

आमच्या ह्यांना ऐकायला कमी येतं हे घरात सगळ्यांना दिसत होतं, फक्त ह्यांना सोडून. "मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता." आणि ते एका अर्थी खरं होतं. ऑडिओमेट्रीसाठी बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर जो आलेख निघाला त्यात डावीकडच्या खालच्या स्वरांची रेघ ठीक होती, उजवीकडे, उंच स्वरांना, ती घसरत गेली होती. तपासणाऱ्या मुलीने समजावलं, की स, श, त, क यांचे आवाज त्या उंच पट्टीत असतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. मी 'ताट' म्हटलं की ह्यांना 'पाट' ऐकू यायचं. नातीचा बारीक आवाज तर फोनवर जवळजवळ हरवायचाच.

असा माणूस हळूहळू गप्प होतो. लग्नाच्या पंगतीत नुसता मान डोलावतो, मग लग्नालाच जात नाही. कट्ट्यावर जाणं सोडतो. प्रत्येक वाक्य ओळखण्यात मेंदूची शक्ती जाते आणि त्यावर चारचौघांतलं बोलणंही बंद होतं. ह्यांचं तसंच चाललं होतं.

श्रवणयंत्राने डिमेन्शिया टळतो का? २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत ऐकायला कमी येणाऱ्या, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना यंत्र देऊन तीन वर्षं बघितलं. सगळ्यांचा मिळून फरक पडला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात यंत्र मिळालेल्यांच्या आठवण-विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. मला तेवढं पुरेसं वाटतं, कारण नवरा पुन्हा बोलायला लागणं हा फायदा तर हातात आहेच.

ह्यांनाही यंत्र घेतलं. पहिले काही आठवडे कठीण गेले. पेपरची घडी कर्कश वाटायची, भांड्यांच्या आवाजाने हे दचकायचे, यंत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. आवाज एकदम न वाढवता दोन-तीन फेऱ्यांत वाढवून घेतला आणि दिवसभर घालायचं ठरवलं, तेव्हा जमलं. आता संध्याकाळी कट्ट्यावरून येऊन तिथलं सगळं मलाच ऐकवतात. यंत्र घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कानातला मळ बघून घ्या, कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. घरी पिन घालू नका.

आमच्या गावात यंत्रमागाच्या खडखडाटात कानाला काहीही न लावता आयुष्यभर उभी राहिलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांची मुलं "बाबांना काही सांगितलं तरी आठवत नाही" म्हणतात, तेव्हा मी आधी विचारते, ऐकू आलं होतं का? खर्च हे खरं कारण असतं, म्हणून हे माहीत असू द्या: राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात मिळतात. त्यात चांगलं यंत्र येणार नाही, हातभार लागेल. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना यंत्रच दिलं जातं, त्याची शिबिरं भरतात. दोन्हींची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि फोटो सोबत न्या, आणि वडिलांना एकटं पाठवू नका. खिडकीपलीकडचा माणूस काय विचारतोय ते त्यांना ऐकू येणार नाही.