पोरं तुमचं ऐकतात का?

महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असो की पुण्याहून आलेला फोन, मी काय काम करते हे कळलं की पहिला प्रश्न विमानातून उडी मारण्याबद्दल येतो. त्याचं उत्तर दोन मिनिटांत संपतं. दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून येतो: "आणि ते एवढे धिप्पाड गडी तुझं ऐकतात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, असं म्हणून मी दर वेळी सुरुवात करते आणि दर वेळी पानं वाढल्याची हाक येते. म्हणून आज सविस्तर.

आधी कामाचं. अमेरिकेत मोंटाना राज्यात मिझूला नावाचं गाव आहे. तिथल्या तळावर मी स्मोकजंपर आहे. जिथे रस्ता पोचत नाही अशा डोंगरात वीज पडून वणवा लागला, की तो लहान आहे तोवर पॅराशूटने उतरून विझवायचा, हे आमचं काम. हुद्दा स्क्वाड लीडर. देशात असे नऊ तळ आहेत: सात वनखात्याचे, दोन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचे (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं). खऱ्या आगीवरची पहिली उडी 12 जुलै 1940ची, आयडाहोतल्या नेझ पर्स जंगलातली. रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली अशी दोन माणसं होती. कूलीच्या दोऱ्यांना पीळ पडला आणि तो थेट झाडात जाऊन अडकला. झाडात अडकणं आजही चालूच आहे. म्हणून आमच्या सूटच्या पायाच्या खिशात खाली उतरायला लांबलचक दोर असतो.

बाई म्हणून विचारत असाल तर तेही उरकून टाकते. डीॲन शुलमन 1981 साली मॅकॉलच्या तळावर पहिली स्मोकजंपर झाली. त्याआधी किमान वजनात थोडी कमी पडते म्हणून तिला परत पाठवलं होतं. तिने तक्रार केली, भांडली आणि परत आली. माझ्या वेळेपर्यंत ते भांडण होऊन गेलेलं होतं. चाचणीत साधारण 50 किलो पाठीवर घेऊन तीन मैल चालायचं असतं, आणि त्या ओझ्याला पाठ कोणाची आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

आता ऐकण्याचं. तुमच्या मनातला लीडर, म्हणजे कंबरेवर हात ठेवून उभा असलेला, तो आमच्याकडे कायमचा कोणी नसतोच. तळावर एक यादी असते, जंप लिस्ट. नळावर हंडे लावतात तसं ते प्रकरण आहे: आगीवर जाऊन आलात की तुमचा हंडा रांगेच्या शेवटी. भोंगा वाजला की यादीतले वरचे लोक सूट चढवून विमानात बसतात. दारातून जो पहिला बाहेर पडेल, त्याच्याकडे ती पात्रता असली, की तोच त्या आगीचा प्रमुख. मग मागे त्याच्याहून कितीही जुनी माणसं बसलेली असोत. माझा नंबर पहिला आला तर मी प्रमुख. पाचवा आला तर मी हातात पुलास्की घेऊन खणणार (एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ असं ते हत्यार), आणि ज्याला मी दोन वर्षांपूर्वी तालीम दिली तो पोरगा मला सांगणार कुठून खणायचं ते. हुद्द्याची कामं वेगळी. हजेरी, प्रशिक्षण, नव्यांबद्दलचे शेरे, ते सगळं तळावर.

त्यामुळे उगाच आवाज चढवण्याची चैन परवडत नाही. आज मी ज्याच्यावर खेकसेन तो परवा माझा प्रमुख असेल.

शिवाय आमची निम्मी ओळख शिलाई मशीनवर होते. हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. आमचे जंपसूट, पट्टे, सामानाच्या पिशव्या आम्हीच शिवतो आणि पॅराशूटच्या छत्र्याही आम्हीच तपासतो, सांधतो, घड्या घालतो. सहा फुटी दाढीवाले नाकावर चष्मा ठेवून टाके घालताना बघून माझी आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "एवढी सुबक शिलाई आमच्या शिंप्याला जमत नाही." पण थट्टा बाजूला ठेवा. घडी कोणी घातली त्याची नोंद असते, आणि त्या माणसाच्या हातावर विसंबून मी तीन हजार फुटांवर दारात बसते. एखादा माणूस कंटाळला की काय करतो, चुकलं तर सांगतो की झाकतो, हे मला त्या टेबलापाशी कळतं. माझ्याबद्दलही त्यांना तिथेच कळतं.

विमानात माझं काही चालत नाही. तिथे स्पॉटर सर्वेसर्वा. तो रंगीत कागदाच्या लांब पट्ट्या खाली सोडून वारा बघतो, उतरायची जागा ठरवतो, आणि नको वाटलं तर विमान परत फिरवतो. आम्ही उतरलो की तो हत्यारांच्या आणि दोन दिवसांच्या अन्नपाण्याच्या पेट्या झाडांच्या शेंड्यांवरून टाकून निघून जातो.

जमिनीवर पहिलं काम मोजणी: सगळे उतरले का, धड आहेत का. मग आग किती, कशात लागलीय, कुठे सरकतेय, हे रेडिओवर कळवायचं. मग चार गोष्टी ठरवायच्या. टेहळणीवर कोण, संपर्क कसा, पळवाट कुठली, सुरक्षित जागा कुठली. त्याशिवाय कुदळ मारायची नाही. सह्याद्रीत वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढून ठेवतात. आम्ही ती रेषा आग समोर असताना काढतो: पालापाचोळा, मुळं, सगळं खरवडून उघड्या मातीचा पट्टा. नंतर दिवसच्या दिवस राख चिवडत, उघड्या हाताने ऊब चाचपत बसायचं. या कामाचे फोटो कोणी काढत नाही.

आणि आता मान गल्च. आमच्या तळावर येणाऱ्या प्रत्येकाला ही जागा माहीत असते. 5 ऑगस्ट 1949ला मिझूलाहूनच एक विमान निघालं आणि मिसुरी नदीकाठच्या त्या घळीत पंधरा जण उतरले. रेडिओची छत्री उघडली नाही, रेडिओ फुटला. आधीच तिथे पोचलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. प्रमुख होता वॅगनर डॉज. नदीकडे उतरत असताना आग घळीच्या तोंडाशी आडवी आली, म्हणून सगळे उलटे चढणीला लागले. वाळलेलं गवत, वारा पाठीमागून, आणि आग माणसापेक्षा वेगाने वर येणारी. डॉजने हत्यारं टाकायला सांगितलं. मग तो थांबला, काडी ओढली आणि समोरच्या गवताला आग लावली. जळून मोकळ्या झालेल्या राखेत या, आडवे पडा, असं तो ओरडून सांगत होता. कोणी थांबलं नाही. डॉज त्या राखेत वाचला. दोघे कड्याच्या फटीतून पलीकडे निघाले. तेरा जण गेले.

डॉजचा निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या पोरांना ही युक्ती कोणी शिकवलेली नव्हती आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी डॉजबरोबर आधी काम केलेलं नव्हतं. पाठीमागे आग असताना म्होरक्या पुढे आणखी आग लावतोय, हे बघून मीही पळत सुटले असते. त्या शेवटच्या मिनिटांत डॉजने आणखी काय करायला हवं होतं, असा वाद लोक अजून घालतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. जे व्हायला हवं होतं ते कित्येक आठवडे आधी.

म्हणून मी आगीवर फार बोलते. माझ्याबद्दलची ही तक्रार सगळ्या तळाला ठाऊक आहे. मला काय दिसतंय, कशाची धास्ती वाटतेय, ते मोठ्याने सांगत राहते. "त्या पांढऱ्या खडकापर्यंत आग आली की हातातलं टाकून या वाटेने मागच्या जळक्या तुकड्यात जायचं." मग कोणाला तरी विचारते, आता तू मला सांग. तो वैतागतो, पण सांगतो. दुपारी वारा फिरल्यावर समजावत बसायला वेळ नसतो.

आणि दुसरी बाजू. आमच्या प्रत्येकाच्या खिशात एक छोटी पुस्तिका असते, तिच्यात काम नाकारण्याची रीत छापलेली आहे. काम असुरक्षित वाटलं, हवा-परिस्थिती बरी नाही, आपल्याला तेवढा अनुभव नाही, हत्यार बिघडलंय, अशा कारणांनी कनिष्ठातला कनिष्ठ माणूसही नाही म्हणू शकतो. वरिष्ठाने तेच काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं तर त्याला सांगावंच लागतं, की आधी अमक्याने नाही म्हटलंय आणि या कारणासाठी. मला या कलमाचं फार कौतुक आहे. मंडळाच्या कार्यकारिणीतही ते लागू करावं.

एकदा मी प्रमुख असताना आमच्या रेषेवर एक मेलेलं उभं झाड होतं, बुंध्यात पोखरत जळत असलेलं. आमच्या कामात अशी झाडं ज्वाळांइतकीच घातक. चेनसॉ घेतलेला पोरगा दुसऱ्याच मोसमात होता. झाडाभोवती फिरून आला आणि म्हणाला, मी हे पाडणार नाही, शेंडा हलतोय. मी आमच्या सगळ्यात मुरलेल्या लाकूडतोड्याला बोलावलं, पोराचा नकार आणि कारण सांगितलं. तोही बघून आला आणि म्हणाला, पोरगा बरोबर बोलतोय. आम्ही झाडाभोवती लांबून फीत बांधली आणि रेषा खाली सरकवली. दुपार वाया गेली, घामाचं तर विचारूच नका.

संध्याकाळी आम्ही बसतो तेव्हा ठरलेले चार प्रश्न असतात: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. मी सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलायला लावते, कारण जुने बोलून मोकळे झाले की नवे नुसत्या माना डोलावतात. तो पोरगा म्हणाला, फीत खालच्या बाजूने येणाऱ्याला दिसत नाहीये. झालं, डबे ठेवून सगळे उठले, खालच्या बाजूलाही फीत बांधून आले आणि मग जेवले.

पुढे त्या झाडाचं काय झालं, असं इथवर ऐकणारे विचारतातच. काही नाही. आम्ही ओझी उचलून निघालो तेव्हाही ते उभंच होतं.