‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

गेल्या महिन्यात टीमच्या कॉलवर मी म्हणाले, “आपण हे शुक्रवारच्या आत तपासून घ्यायला हवं.” बोलले इंग्रजीत, पण डोक्यातलं वाक्य मराठीच होतं. आमचा डच सहकारी क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आपण म्हणजे कोण? तू की मी?”

मला रागच आला. एवढं कळू नये? मी त्यालाच सांगत होते. पण चारचौघांत “तू तपास” म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून ‘आपण’. राग ओसरल्यावर लक्षात आलं, की तो काही खवचटपणा करत नव्हता. त्याच्यासमोर कामांचा तक्ता उघडा होता आणि नावाच्या रकान्यात ‘आपण’ भरता येत नाही!

हा शब्द आहेच लबाड. ‘आम्ही जातो’त समोरचा वगळलेला, ‘आपण जाऊ’त धरलेला, इंग्रजीचं दोन्हीकडे एका ‘वी’वर भागतं. “आपण बसावं” म्हणताना तोच शब्द समोरच्याला मान देतो आणि “आपण नाही बुवा त्या फंदात पडत” म्हणताना चक्क ‘मी’ होतो. त्यात मराठीत कर्ता गाळायची सोय. “राहून गेलं” म्हटलं की कुणाकडून राहिलं हे विचारणं उद्धटपणाच ठरतो. योशिहिसा आणि एमिको काशिमा या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ३९ भाषांची तुलना मांडली होती. जिथे ‘मी’, ‘तू’ गाळून वाक्य चालतं, तिथल्या संस्कृती एकंदरीत कमी व्यक्तिवादी, म्हणजे एकट्या ‘मी’पेक्षा गटाला धरून चालणाऱ्या, दिसल्या. भाषेमुळे माणसं तशी की माणसांमुळे भाषा, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

दुसरा घोळ ‘बघते’चा. सोमवारपर्यंत अहवाल होईल का, असं त्या डच सहकाऱ्यानंच विचारलं होतं. मी जरा थांबून म्हणाले, “बघते.” माझ्या लेखी तो नकार होता, तोही पुरेसा स्पष्ट. त्यानं होकार लिहून घेतला आणि सोमवारी आम्ही दोघंही एकमेकांवर चिडलेलो. त्याच कॉलवर जपानी सहकारीण होती. कॉल संपल्यावर तिचा खासगी मेसेज आला, “पुढचा आठवडा तुला जड दिसतोय. एक भाग मी करू का?” तिनं माझा शब्द ऐकलाच नव्हता, त्याआधीचा थांबा ऐकला होता. जपानीत याला ‘कूकी ओ योमु’, म्हणजे हवा वाचणं, म्हणतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली मांडलेला फरक हाच: कुठे अर्थ शब्दांत असतो, तर कुठे संदर्भात, नात्यात, गप्प राहण्यात. डच सहकाऱ्याच्या लेखी समजेल असं बोलणं ही बोलणाऱ्याची जबाबदारी, माझ्या लेखी समजून घेणं ही ऐकणाऱ्याची.

पण ‘व्यक्तिवादी म्हणजे रोखठोक’ हे समीकरण मला पटत नाही. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉफस्टेडे यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून देशांना व्यक्तिवादाचे गुण दिले, त्यात ब्रिटनला ८९ आणि नेदरलँड्सला ८०. म्हणजे त्या हिशेबानं ब्रिटिश डचांपेक्षा फटकळ हवेत. पण आमच्यातला ब्रिटिश “छान कल्पना, सवडीनं बोलू” म्हणाला की ती कल्पना मेली समजायची. शिवाय हे आकडे देशांच्या सरासरीचे. स्क्रीनवरच्या चौकटीत बसलेल्या एका माणसाला ते लावायचे नसतात. माझं ‘बघते’सुद्धा दर वेळी समोरच्याचं मन राखायला नसतं. कधी कधी ते निव्वळ टाळणं असतं, आणि त्याला संस्कृतीचं नाव दिलं की मला बरं वाटतं.

आता जपानी सहकारिणीशी अवघड विषय कॉलआधीच खासगीत बोलून घेते. डच सहकाऱ्याला परवा हिय्या करून लिहिलं, “हे तू तपास. शुक्रवारपर्यंत.” मिनिटभरात त्याचा अंगठा आला. तो दुखावला तर नसेल ना, म्हणून मी माझेच ते चार शब्द संध्याकाळपर्यंत चार वेळा उघडून वाचले.