परीक्षा दीड तासाची, क्रेडिट नऊ आठवड्यांनी

अमेरिकन इतिहासाची क्लेप परीक्षा (पास झालं की कोर्स न करताच कॉलेजची क्रेडिट मिळतात ती) मी दीड तासात दिली. गुण जागेवरच पडद्यावर दिसले. आणि त्या परीक्षेची तीन क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, चढायला नऊ आठवडे लागले. गोष्ट मागच्या वर्षीची, पण अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

माझं बी.कॉम. पुण्याचं, तीन वर्षांचं. डॅलसला आल्यावर मुलं शाळेत रुळली तेव्हा इथली पदवी पुरी करायचं ठरवलं. पुण्याचे बरेच विषय धरले गेले, पण टेक्ससमध्ये सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची तर अमेरिकन इतिहासाची सहा क्रेडिट कायद्यानेच लागतात. ती पुण्याहून कशी येणार? पूर्ण सेमिस्टरचे दोन कोर्स करायचे, नाहीतर कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची क्लेप द्यायची. तिचे दोन भाग आहेत: पहिला वसाहतींपासून १८७७ पर्यंत, दुसरा १८६५ पासून आजपर्यंत. प्रत्येक भागाची साधारण तीन क्रेडिट मिळतात. मी क्लेप धरली.

अभ्यासाला तीन महिने दिले, रोज पहाटे पाच ते साडेसहा. त्यातला पहिला महिना मी वसाहती आणि स्वातंत्र्ययुद्धातच घालवला. पहिल्या भागात साधारण सत्तर टक्के प्रश्न १७९० ते १८७७ या काळावर असतात, हे मला उशिरा कळलं. तुम्ही तसं करू नका. राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा काळ, सुधारणा चळवळी, पश्चिमेकडचा विस्तार, गुलामगिरीवरून झालेल्या तडजोडी, यादवी युद्ध आणि त्यानंतरची हरलेल्या दक्षिणेची पुनर्रचना, यांवर जास्त वेळ द्या. १८२० ची मिसूरी तडजोड, १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याचा निकाल आणि १८६० ची लिंकनची निवडणूक ही साखळी एका दमात सांगता आली पाहिजे. प्रत्येक कडीमुळे पुढची का आली, ते समजलं की निम्मा पेपर हातात येतो.

सनावळ्या माझ्या डोक्यात राहत नव्हत्या. मग मी त्या आपल्या सनावळ्यांना बांधल्या. नारायणराव पेशव्यांचा खून ऑगस्ट १७७३ चा, बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला तो त्याच वर्षी डिसेंबरात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ साली शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. पुन्हा ती वर्षं विसरले नाही.

सगळ्यात जास्त रमले ती पुनर्रचनेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे शाळेपासून माहीत होतं. पण त्या लोकांनी केलं काय, ते गुलामगिरी बंद करणारी तेरावी, नागरिकत्व देणारी चौदावी आणि मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती वाचताना नीट कळलं. आणि त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या उरलेल्या रिपब्लिकन सरकारांमागचं केंद्राच्या सैन्याचं पाठबळ निघालं आणि मुक्त झालेली माणसं पुन्हा जुन्या मालकांच्या तावडीत सापडली. त्या पहाटे मी पुस्तक मिटून बराच वेळ ओट्यापाशी उभी होते.

पहिल्या भागाची परीक्षा झाली, ८० पैकी ६३ आले. गुण कॉलेजला पाठवायचा पर्याय मी परीक्षेच्या वेळीच निवडला होता, तो त्या वेळी फुकट असतो. नंतर पाठवायचे तर पैसे पडतात.

इथून पुढे माझे नऊ आठवडे गेले.

तीन आठवडे वाट पाहिली. ट्रान्स्क्रिप्ट कोरीच. कॉलेजच्या कार्यालयात गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, गुण आलेले नाहीत, थांबा. घरी येऊन पाहिलं, तर माझ्या क्लेपच्या खात्यात गुण पाठवल्याची तारीख स्पष्ट दिसत होती. ईमेल केली. आपोआप उत्तर आलं: कामकाजाचे दहा दिवस थांबा. दहा दिवसांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा दहा दिवस पहिल्यापासून. गुणांची प्रिंट घेऊन दुसऱ्यांदा गेले, तर विद्यार्थ्याने आणलेली प्रिंट चालत नाही, गुण थेट यावे लागतात, असं ऐकवलं. मग परत मागवा म्हणाले. पैसे भरून परत पाठवले. पुन्हा शांतता. इकडे पदवीचा अर्ज भरायची मुदत जवळ येत चाललेली. सल्लागार बाई म्हणाल्या, धोका नको, कोर्सलाच नाव घाला. परीक्षा पास होऊन तोच विषय पुन्हा पैसे भरून शिकायचा! मी नाही म्हणाले, पण रात्री झोप लागत नव्हती.

उलगडा झाला तो मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या तालमीत. एक काकू माझं सगळं ऐकून म्हणाल्या, “अगं, कॉलेजात तुझं नाव कसं लागलंय ते पाहिलंस का? आमच्या सुनेचं असंच झालं होतं.”

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट, लायसन्स, लग्नाचा दाखला आणि गुणांची प्रिंट, सगळं घेऊन गेले. या वेळी काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या. मी म्हटलं, फक्त आडनाव आणि जन्मतारीख घालून शोधाल का? त्यांनी शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझे गुण तिथे होते. एकदा नाही, दोनदा. कुठल्याच विद्यार्थ्याशी न जुळलेल्या नोंदींच्या यादीत, पहिल्या आठवड्यापासून पडलेले.

आपल्या पासपोर्टवर बायकांच्या नावापुढे बऱ्याचदा नवऱ्याचं नाव त्याच रकान्यात येतं, माझ्याही आहे. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी दोन्ही मिळून माझं पहिलं नाव धरलं होतं, मध्ये जागाही न सोडता. लायसन्सवर मात्र माझं नाव वेगळं आणि नवऱ्याचं मधलं नाव म्हणून वेगळं. परीक्षेला लायसन्स दाखवायचं म्हणून मी क्लेपच्या खात्यात लायसन्सप्रमाणे नाव घातलं, आणि ते बरोबरच होतं, कारण केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळावं लागतं. पण कॉलेजच्या संगणकाला या दोन वेगळ्या बाया वाटल्या. बाईंनी दोन मिनिटांत नोंद जोडली. संध्याकाळी क्रेडिट चढलं.

दोन मिनिटं! चूक संगणकाची होती हे मान्य. पण नऊ आठवड्यांत “थांबा” म्हणणाऱ्यांपैकी एकालाही आडनाव टाकून बघावंसं वाटलं नाही, हे मला अजून पचत नाही.

म्हणून परीक्षेचे पैसे भरायच्या आधी पासपोर्ट, ओळखपत्र आणि कॉलेजची नोंद, तिन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर कॉलेजची नोंद आधी दुरुस्त करून घ्या. आणि “आले नाहीत” असं कोणी म्हणालं, तर न जुळलेल्या नोंदींत शोधलं का, ते तिथेच विचारा.

पैशांचं राहिलंच. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. माझी फी त्यातूनच गेली, केंद्राचं शुल्क तेवढं वेगळं भरलं. किती गुणांना क्रेडिट देतात तेही आपल्या कॉलेजच्या नियमात बघा. शिफारस ५० ची असते, पण प्रत्येक कॉलेज आपलं ठरवतं. पेपरात १२० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नापास झालात तर तोच पेपर तीन महिने देता येत नाही, हे मुदतीच्या हिशेबात धरा.

दुसरा भाग मी एप्रिलमध्ये दिला, नाव दुरुस्त करून घेतल्यावर. ५८ आले. सहाव्या दिवशी मुलांचे डबे भरताना फोनवर ट्रान्स्क्रिप्ट उघडली, तर दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या. पुण्यात तेव्हा संध्याकाळ होती. आईला लगेच फोन लावला.