चढावर सरळ, सपाटीला डावीकडे: ट्रॅव्हल मोटरचा माझा अनुभव

वीस टनी एक्स्कॅव्हेटर होता. दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे दाबल्या तरी मशीन डावीकडे ओढायचं. मी पोचण्याआधीच डाव्या चेनचं ग्रीस भरून ताण सारखा करून झाला होता, पण फरक शून्य. पंप गेला असावा, असंच सगळे धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

शंका पुसण्यासाठी कंट्रोल व्हॉल्व्हपाशी डाव्या-उजव्या ट्रॅव्हल मोटरच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चेन फिरवणाऱ्या मोटरच्या, होज अदलाबदल करून जोडल्या. या मशीनमध्ये दोन पंप आणि प्रत्येकाकडे एक चेन, त्यामुळे पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा दोष असता तर तो उजवीकडे गेला असता. गेला नाही. मागे राहत होती ती डावीच चेन.

मग ऑपरेटर दादांना विचारलं, नेमकं कधी ओढतं? ते म्हणाले, “कासवावर टाकलं की सरळ जातं. सशावर ओढतं. पण चढाला लागलं की सशावरसुद्धा सरळ चालतं, बघा.” (कासव म्हणजे हळू चालण्याचा वेग, ससा म्हणजे जलद.) हे त्यांनी आधीही सांगितलं होतं म्हणे, कोणी मनावर घेतलं नव्हतं. माझ्या दृष्टीने निम्मं काम तिथेच झालं.

त्याचं कारण मोटरच्या रचनेत आहे. ट्रॅव्हल मोटरच्या सिलेंडर ब्लॉकमध्ये गोलाकार बसवलेले पिस्टन असतात, बहुतेक वेळा नऊ. ते तिरक्या स्वॉश प्लेटवर रेटले जातात आणि त्या रेट्याने ब्लॉक फिरतो. प्लेट जास्त तिरकी असेल तर पिस्टनचा स्ट्रोक मोठा होतो आणि एका फेऱ्याला जास्त तेल लागतं: ताकद जास्त, वेग कमी. तिरकेपणा घटवला की तेच तेल जास्त फेरे देतं, पण ताकद उतरते. उदाहरणादाखल फेऱ्याला १७० सीसी घेणारी मोटर धरा. मिनिटाला २०० लिटर तेलावर ती साधारण १,१७५ फेरे घेईल. तीच १०० सीसीवर आणली तर २,०००. उलट ३४० बार दाबाला टॉर्क ९२० न्यूटन-मीटरवरून ५४० वर येतो. (गळती आणि घर्षण यात धरलेलं नाही.) पंपाला यातलं काही कळत नाही, तो तेल देत राहतो. ससा-कासवाचा सगळा खेळ या कोनाचा आहे.

कासवावर दोन्ही मोटरी पूर्ण कोनात असतात. ससा दाबला की पायलट दाब (हुकूम पोचवणारा कमी दाब) मोटरमधला छोटा स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारा दांडा, सरकवतो, स्पूल मुख्य दाबाचं तेल एका वेगळ्या पिस्टनमागे सोडतो आणि तो पिस्टन प्लेट उभी करतो. चढावर दाब वाढला की मोटर आपोआप पुन्हा पूर्ण कोनात येते. म्हणजे डावी मोटर कायम कासवातच अडकली होती, आणि चढावर उजवीही कासवात येत असल्यामुळे मशीन सरळ चालत होतं.

सोलेनॉइड (ससाचा पायलट दाब सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि सेंटर जॉइंट (फिरत्या वरच्या भागातून खाली तेल नेणारा सांधा) यांना मी हात लावला नाही. ससाची पायलट लाइन तिथून एकच येते आणि खाली येऊन दोन मोटरींना फुटते. तिथे बिघाड असता तर दोन्ही मोटरी कासवातच राहिल्या असत्या. डाव्या मोटरच्या तोंडाशी गेज लावला. पायलट दाब ३५ बारच्या आसपास येत होता. केस ड्रेनचं, म्हणजे मोटरच्या कवचातून परत जाणाऱ्या गळतीचं, तेलही दोन्हीकडे मोजलं, फरक नगण्य. म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह प्लेट ठीक होते. उरला स्पूल.

मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला, इंजिन बंद. लिव्हर हलवून दाब सोडला, टाकीची हवा काढली, आजूबाजूचा चिखल ब्रशने आणि डिझेलने साफ केला. या सफाईत घाई करू नये, उघड्या भोकात पडलेला एक कण सगळी मेहनत वाया घालवतो. प्लग काढला तर स्पूल बोटाने हलेना. हळूहळू ओढून बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेशी पोलादाचा केसाएवढा तुकडा रुतलेला दिसला.

तो तुकडा होजच्या जाळीचा होता. महिनाभरापूर्वी डाव्या बाजूचा होज फुटला म्हणून नवा कापून फिटिंग दाबून बसवला होता. कापताना आत पडलेली तार आणि रबराचा चुरा न काढता तो तसाच जोडला गेला असणार. मला याचं फार वाईट वाटलं, कारण होज आतून साफ करायला पाच मिनिटं पुरतात.

सुदैवाने बोअरवर, म्हणजे स्पूल बसतो त्या भोकात, ओरखडा नव्हता. नवा स्पूल, स्प्रिंग आणि ओ-रिंग आणले. तेल लावलेला स्पूल स्वतःच्या वजनाने बोअरमध्ये उतरला तेव्हाच बसवला. केसमधलं थोडं तेल सांडलं होतं, ते स्वच्छ तेलाने वरपर्यंत भरून घेतलं. रिकाम्या केसवर मोटर फिरली तर पिस्टनचे बूट (स्वॉश प्लेटवर सरकणारे तळवे) कोरडे घासतात.

दादांनी सशावर टाकून मशीन सपाटीला पळवलं, मग वळवून चढाला घातलं. मध्यावर आवाज जड झाला, वेग उतरला, दोन्ही मोटरी एकदम कोन बदलत होत्या. ओल्या मातीत मागे चेनच्या दोन खुणा सरळ उमटल्या होत्या.