फुगा मुंबईत फुटतो, झळ सुप्याला बसते

मंगळवार, रात्री दहा

दोन आकडे आज दिवसभर डोक्यातून जात नाहीत. पहिला शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या अहवालातला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जणांनी पैसा घालवला, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. दुसरा आकडा केंद्राच्या अर्थसंकल्पातला. २०२४-२५ साली सैन्यदलांच्या भांडवली खर्चाला, म्हणजे नवी विमानं, जहाजं, तोफा यांना मिळून १.७२ लाख कोटींची तरतूद होती. देशाच्या एका वर्षाच्या शस्त्रखरेदीएवढा पैसा आपल्याच घराघरांतून तीन वर्षांत मोबाईलवरून निघून गेला.

हे दोन पैसे एका खिशातले नाहीत, हे पतपेढीत हिशेब लिहिणाऱ्या बाईला कळतं. बाजारात पैसा जळत नाही, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हेही खरं. पण कुणाकडून कुणाकडे? त्याच अहवालात लिहिलंय. सौदे करणाऱ्या सामान्य माणसांत बहुतेक लहान शहरांतले आणि तालुक्यांतले लोक, पाऊण हिस्सा लोकांचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत. आणि एकट्या २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशानं धंदा करणाऱ्या दलाली पेढ्यांना साधारण ३३ हजार कोटी आणि विदेशी गुंतवणूकदारांना २८ हजार कोटींचा नफा, तोही बहुतेक संगणकानं आपोआप केलेल्या सौद्यांतून. फलटण, इंदापूर, दौंडसारख्या गावांतली पगारातून मागे टाकलेली रक्कम अशी मोठ्या पेढ्यांकडे आणि देशाबाहेर जाते, तेव्हा तो फक्त त्या घराचा प्रश्न राहतो असं मला वाटत नाही.

सकाळी काउंटरवर मेजर आले होते. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, हुद्दा कुठलाही असो. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात डिस्चार्ज बुक, कॅन्टीनचं कार्ड आणि आमच्या पतपेढीची ठेवपावती. घडीच्या रेघेवर पावती फाटत आलेली.

"ताई, ही मोडायचीय."

"मेजर, मुदतीला थोडेच महिने राहिलेत. आत्ता मोडलीत तर व्याज तुटेल."

"तुटू द्या."

मग पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करताना हळूच म्हणाले, "पोरगं ऑप्शनमध्ये अडकलंय. म्हणतंय, पुढच्या एक्सपायरीला सगळं भरून काढतो." एक्सपायरी म्हणजे सौदा पुरा व्हायची तारीख. मी काही बोलले नाही. सही मात्र त्यांनी फौजेत शिकवल्यासारखी केली, प्रत्येक अक्षर वेगळं. ही रक्कम त्यांना निवृत्तीच्या वेळी मिळाली होती. सियाचीनच्या पायथ्याला काढलेल्या हिवाळ्यांचा मोबदला एका आठवड्याच्या सौद्यात जाणार, हे डोळ्यांसमोर दिसत असताना मला फक्त अर्ज पुढे सरकवायचा होता.

राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की आपल्याला सीमा, रडार, क्षेपणास्त्रं आठवतात. मला आठवतं सुपे.

सुपे इथून एसटीनं फार लांब नाही. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांतून कर्जरोखे आणि चोपड्या काढून जाळल्या. त्याला शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकलो. तिथपर्यंत ते कसे पोचले, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. त्याचा एक धागा थेट मुंबईच्या शेअरबाजारात जातो, आणि तिथून अमेरिकेत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची गरज भागवायला हिंदुस्थानचा कापूस निघाला. मुंबईत कापसाचा भाव तिपटीच्या वर गेला आणि शहरात पैसा ओतू लागला. पुढे अंदाज केला गेला की त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मिळाले. एवढ्या पैशाला करायला काम नव्हतं. मग बँका निघाल्या, 'फायनान्शियल' नावाच्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोचला. त्या वेळी तिथे पाणीच होतं! प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर बाजार चालत होता. ज्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे स्वतःचे शेअर होते आणि सरकारनं नेमलेले संचालक बसत होते, ती बँक शेअर तारण ठेवून शेअरसाठी कर्ज देत होती. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. सोनं तारण घेताना आम्ही वजन करतो, कस लावतो. तिथे फुग्यावरच फुगा तारण होता.

ह्याच वर्षांत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले जात होते. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळातला तो निर्णय. आतली वस्ती कोंडली होती आणि आता शत्रू कोण येणार, असं सरकारला वाटत होतं. तट गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेचे भूखंड विकले गेले. निर्णय बरोबरच होता, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शहराचं रक्षण तेव्हा ज्या गोष्टीवर खरोखर अवलंबून होतं ती त्याची पत होती, आणि तिच्यावर पहारा नव्हता.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे पुरे करायची तारीख होती. त्या दिवशी कुणाकडे कुणाला द्यायला पैसा नव्हता. मोठमोठी घराणी दिवाळखोरीत गेली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

आता यात भीमथडीचा, म्हणजे सुप्याकडचा, शेतकरी कुठे आला? तो असा आला. तेजीच्या वर्षांत धान्याचे, मजुरीचे भाव वाढलेले, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. १८३० च्या दशकातली तीस वर्षांची जमीनमहसुलाची मुदत नेमकी १८६७ च्या सुमारास संपली, आणि फेरआकारणी करताना सरकारनं त्या चढ्या भावांच्या जोरावर सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढवला. भाव उतरले, सारा उतरला नाही. गुजराती-मारवाडी सावकारांनीही हात आखडला, जुन्या कर्जाचे नवे रोखे लिहून घ्यायला लागले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार घातला आणि पुढच्या मे महिन्यात सुपे पेटलं. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली गेली. गावोगाव पोलीस चौक्या बसवल्या, लष्कर हलवावं लागलं. १८५७ होऊन अठराच वर्षं झाली होती, त्यामुळे सरकार किती घाबरलं असेल याची कल्पना येते. पुढे दुष्काळ आला, १८७९ मध्ये पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं. त्याचं मूळ मुंबईच्या सट्ट्यात शोधणं ताणल्यासारखं होईल. पण सुप्याचं मूळ काही अंशी तिथे आहे, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. ज्या माणसानं बॅक बेचा शेअर डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या दारात शिपाई उभा राहिला.

म्हणून 'बाजार पडला तर श्रीमंतांचं नुकसान, आपल्याला काय' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

१९९१ आमच्या पिढीनं पाहिलं. आखाती युद्धानं तेल महागलं, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते, आणि परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. आधी मे महिन्यात २० टन, मग जुलैत जवळजवळ ४७ टन सोनं परदेशी गेलं. घरात बायको मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात देते, तसं देशानं केलं. ज्या देशाकडे तेल घ्यायला डॉलर नाहीत, त्याचे रणगाडे आणि विमानं कितीही चांगली असली तरी किती दिवस चालणार?

आणि त्यानंतर वर्षही झालं नव्हतं. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४४६७ वर पोचला होता आणि शेअरदलाल हर्षद मेहताच्या गाडीचे फोटो छापून येत होते. त्याच मुंबईत, जिथून सोनं विमानात चढवलं होतं. नंतर रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीनं त्याच्या काळातल्या रोखे-घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या वर काढला. १९९१-९२ मध्ये देशाचा सगळा संरक्षण खर्च साधारण १६ हजार कोटी होता. पैसा आला कुठून? सरकारी रोख्यांच्या व्यवहारातून. सरकार ज्या कागदावर देश चालवायला कर्ज काढतं, त्याच कागदाच्या पावत्या फिरवून बँकांचा पैसा शेअरबाजारात गेला. माणसं आठवतात, मालिका निघतात, पण हा भाग कुणी बोलत नाही. माझ्या लेखी तो घोटाळ्याचा सगळ्यात गंभीर भाग आहे.

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. आइसलँडचं उदाहरण मी अनेकांना सांगते. तिथल्या तीन बँका देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या नऊ-दहा पट फुगल्या होत्या. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या कोसळल्या, तेव्हा ब्रिटननं त्यांतल्या लँड्सबँकीची मालमत्ता गोठवली, आणि त्यासाठी वापरला दहशतवादविरोधी कायदा. आइसलँडला स्वतःचं सैन्यच नाही. नाटोमधल्या एका मित्रदेशानं दुसऱ्या मित्राला तो कायदा लावला, कारण बँक बुडाली. पुढच्याच फेब्रुवारीत अमेरिकेचे गुप्तचर प्रमुख डेनिस ब्लेअर यांनी संसदेसमोर सांगितलं की देशापुढची नजीकची सर्वांत मोठी सुरक्षाविषयक चिंता जागतिक आर्थिक संकट ही आहे. दहशतवादाच्या आधी त्यांनी हे नाव घेतलं.

गेल्या वर्षीचा मे महिना आठवतो. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं, जम्मूत रात्री दिवे बंद होते, आमच्या भागातल्या कित्येक घरांत आई-बाप फोनची वाट बघत जागे होते. आणि पतपेढीच्या पायरीवर पोरं एकमेकांना टिपा दाखवत होती, 'डिफेन्स उचला'. शस्त्रसंधीनंतरच्या सोमवारी, १२ मे २०२५ ला, सेन्सेक्स एका दिवसात २९७५ अंकांनी वर गेला. संरक्षण कंपन्यांत पैसा घालू नये असं मी म्हणत नाही. त्या कंपन्यांना भांडवल मिळालंच पाहिजे. पण माझगावच्या गोदीत बांधलेली सुरत ही विनाशिका २०२२ च्या मे महिन्यात पाण्यात उतरली आणि जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. नुसतं पाण्यात उतरल्यावर अडीच वर्षांहून जास्त काळ गेला, आधीची वर्षं वेगळी. असं काम करणाऱ्या कारखान्याला दहा वर्षं पैसा ठेवणारा माणूस लागतो. दुपारी घेऊन साडेतीनच्या आत विकणारा त्याच्या काही कामाचा नाही, आणि भाव कोसळल्यावर तोच पोरगा उद्या देशी कारखान्यांवरच राग काढेल याची मला भीती वाटते.

सेबीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम कडक केले. सौद्याचा आकार किमान १५ लाखांवर नेला, साप्ताहिक एक्सपायरी एका बाजाराला एकाच निर्देशांकावर आणली. बाजारातले लोक कुरकुरले. मला ते पुरेसं वाटत नाही. २०२४-२५ मध्येही सामान्य लोकांचा तोटा एक लाख कोटींच्या वर गेलाच. उत्पन्नाच्या मानानंच ऑप्शन विकत घेता यावेत, इतकं साधं बंधन का असू नये? मोटारसायकल चालवायला परवाना लागतो.

पण सगळं दिल्ली-मुंबईवर ढकलून मी मोकळी होणार नाही. आमच्याच पतपेढीत सोनेतारणाच्या अर्जावर 'कर्जाचे कारण' असा रकाना आहे. त्यात जो येतो तो 'शेतीखर्च' लिहितो आणि आम्ही शिक्का मारतो. पेरणी नसताना, पोराबरोबर आलेली बाई पाटल्या काढून ठेवते आणि पोराचं लक्ष मोबाईलवरच्या हिरव्या-लाल रेघांत असतं, तेव्हाही रकान्यात शेतीखर्चच. या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: कारण तोंडी विचारायचं, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाची सही घ्यायची, आणि मोठी ठेव मुदतीआधी मोडायला आलेल्या सभासदाला व्यवस्थापकांनी समोर बसवून बोलायचं. संचालक म्हणतील, सभासदाच्या खासगी गोष्टीत आपण का पडायचं. तेव्हा सुप्याचं सांगेन. ठराव लिहून झालाय, सूचक मी आहे, अनुमोदनाला कोण तयार होतंय ते उद्या सकाळी विचारायचं.