पुंगळीच्या बुडावरची खडकी

लीड्समध्ये राहायला आल्यापासून मला 'थ्री-नॉट-थ्री' काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे गोळी झाडल्यावर उरणारी पितळी आवरणे, जमवण्याचा छंद लागला आहे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या रायफलीचे हे काडतूस ब्रिटिश लष्कराने १८८८ च्या सुमारास स्वीकारले. तेव्हा त्यात दाबून बसवलेली काळी दारू असे, पुढे १८९१ पासून कॉर्डाईट ही जवळजवळ बिनधुराची दारू आली, आणि १९१० मध्ये बोथट गोळीऐवजी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची टोकदार गोळी असलेला 'मार्क सात' हा प्रकार सुरू झाला.

पुंगळीची खरी ओळख तिच्या बुडावर असते. पितळेत ठोकलेली अक्षरे कारखाना सांगतात आणि त्यांच्याजवळचे दोन आकडे बहुधा वर्ष सांगतात. नुसते 'के' असेल तर ती बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीची, 'आर' आणि 'एल' यांच्यामध्ये सरकारी मालकीचा बाण असेल तर वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीची. बुडाच्या मध्यभागी दारू पेटवणारी छोटी टोपी असते, तिच्याभोवतीच्या लाखेच्या कड्याचा रंगही पाहावा लागतो: साध्या गोळीला जांभळा, चिलखतभेदी गोळीला हिरवा, मागे प्रकाशाची रेघ सोडणाऱ्या गोळीला लाल. म्हणूनच आपल्याकडे समई घासतात तशी पुंगळी चिंच लावून घासू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण लखलखाटापायी तो रंग निघून गेला की पुरावाच नाहीसा होतो.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या वस्तूंच्या बाजारात डबा चाळताना भिंगाखाली 'के', बाण, 'एफ' आणि '४३' दिसले, आणि माझा हात थबकला. 'के एफ' म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी, १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना! ज्या कारखान्यात माझे आजोबा आयुष्यभर राबले, त्याची खूण मला यॉर्कशरमध्ये सापडावी याचे मला फार अप्रूप वाटले. कड्यातला जांभळा रंग थोडासाच उरला आहे, पण आहे.

छंद जडण्याआधी स्थानिक कायदा नीट वाचावा, आणि जिवंत काडतूस दिसल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. ते कितीही जुने असले तरी उडू शकते. रिकामी पुंगळीसुद्धा विमानाच्या सामानात ठेवू नये, तपासणीत ती हमखास अडवली जाते. आजोबांच्या पुंगळीचा मी आईला फोटोच पाठवला आहे.